साक्षीदाराच्या पायाशी श्वान : जबाबापासून उलटतपासणीपर्यंत

अमेरिकेत सिएटल शहर ज्या किंग काउंटीत येतं, तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात २००४ पासून एली नावाची कुत्री कामाला होती. माग काढणं, आरोपीवर धावून जाणं यांतलं काहीच तिच्याकडे नव्हतं. अत्याचार सोसलेलं माणूस जबाब देत असताना त्याच्याजवळ स्वस्थ पडून राहायचं, एवढीच तिची नोकरी. अशा कुत्र्याला तिकडे ‘फॅसिलिटी डॉग’ म्हणतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या डेल्टा पोलिसांनी २०१० मध्ये केबर हा लॅब्रेडोर पीडितांच्या मदतीसाठी आणला. या दोन देशांत ही पद्धत चांगली रुळली आहे. तिथले हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळणारे कर्मचारी, ज्या रीतीने काम करतात, त्याची ही कृती. कुत्रा जितकं कमी करील तितकं काम चोख, हे तिचं सूत्र.

काय लागतं

- कुत्रा : साधारण दोन वर्षांचा, बहुधा लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा त्यांचा संकर. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ची मान्यता असलेल्या संस्थेत शिकलेला. पिल्लू आधी स्वयंसेवकांच्या घरी वाढतं, मग काही महिने संस्थेत तयार होतं. घरचं कुत्रं कितीही गुणी असलं तरी या कामाला चालत नाही.
- हँडलर : तपास अधिकारी, पीडितांना मदत करणारा कर्मचारी किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयातला माणूस. सवडीने येणारा हौशी स्वयंसेवक नको. दिवसभर कुत्रा त्याच्याबरोबर कामावर आणि रात्री त्याच्याच घरी असतो.
- पर्यायी हँडलर : मुख्य हँडलर खोलीबाहेर असताना कुत्रा ज्याचं ऐकेल असा, शिकवून तयार केलेला सहकारी.
- कागदपत्रं : लसीकरण, पशुवैद्यकाची तपासणी, विमा, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र.

कृती

१. आधी विचारा. कुत्र्याची भीती वाटते का, पूर्वी कधी कुत्रा चावला आहे का, ॲलर्जी आहे का, घरच्या किंवा धर्माच्या रीतीत कुत्रा चालतो का, हे साक्षीदाराला विचारा. साक्षीदार मूल असेल, तर पालकांना आणि मग मुलाला वेगवेगळं विचारा. ‘नको’ म्हटलं की विषय संपला. ज्याच्या मनाविरुद्ध एकदा सगळं घडून गेलं आहे, त्याच्यावर मदतही लादायची नाही.

२. ओळख करून द्या, पण प्रकरणाच्या बाहेर राहून. ब्रश फिरवू द्या, चेंडू टाकू द्या. गुन्ह्याबद्दल हँडलरने एक अक्षर विचारू नये. मूल आपणहून सांगू लागलं, तर ‘हे तू जबाब घेणाऱ्या ताईंशी बोल’ म्हणून हळूच थांबवावं. हँडलरने काही ऐकलं, तर उद्या त्यालाच साक्षीला बोलावलं जाऊ शकतं.

३. जबाबाच्या खोलीत कुत्रा आधीच निजवून ठेवा. मूल सोफ्यावर, कुत्रा शेजारी किंवा पायाशी. पट्टा पर्यायी हँडलरचं शिक्षण घेतलेल्या मुलाखतकाराच्या हाती द्या आणि स्वतः बाहेरून लक्ष ठेवा. ‘याला सांग बरं काय झालं ते’ असं मुलाखतकाराने म्हणू नये. ‘सांगितलंस तर याच्याशी खेळायला मिळेल’ हे तर त्याहून वाईट. एकात प्रश्न कुत्र्याच्या तोंडी जातो, दुसऱ्यात जबाबाची किंमत ठरते.

४. खटल्याआधी सरकारी वकिलांमार्फत न्यायालयात लेखी अर्ज द्या. या साक्षीदाराला आधार का हवा, कुत्र्याचं शिक्षण काय, तो बसेल कुठे, हे त्यात असावं. बचाव पक्षाचं म्हणणं ऐकूनच परवानगी मिळावी. एलीच्या बाबतीत हा वाद वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तिची उपस्थिती मान्य केली.

५. रिकाम्या न्यायालयात तालीम घ्या. साक्षीदाराला पिंजऱ्यात बसवा, कुत्र्याला पायाशी निजवा, न्यायाधीश कुठे, वकील कुठे, दार कुठे, ते दाखवा. साक्षीत काय बोलायचं, याची तालीम मात्र घ्यायची नाही.

६. साक्षीच्या दिवशी ज्युरी आत येण्याआधी साक्षीदाराला आणि कुत्र्याला जागेवर बसवा. कुत्रा शक्यतो ज्युरीच्या नजरेआड असावा. पट्टा साक्षीदाराच्या हातात, हँडलर दूर. कुत्रा दिसला, तरी त्यावरून साक्षीबद्दल किंवा आरोपीबद्दल कोणतंही अनुमान काढू नये, असं न्यायाधीश ज्युरीला बजावतात.

इथेच सर्वांत जास्त जपावं लागतं. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे रोझी नावाची गोल्डन रिट्रीव्हर पंधरा वर्षांच्या मुलीसोबत पिंजऱ्यात होती. मुलगी अडखळली की रोझी तिला बिलगायची. बचाव पक्षाने नेमकं त्यावर बोट ठेवलं : ताण खरं आठवल्यामुळे आला की खोटं बोलल्यामुळे, हे कुत्र्याला कळत नाही, पण ज्युरीला मात्र तो खरेपणाचा दाखला वाटतो. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने रोझीला बसू देण्याचा निर्णय योग्य ठरवला. तरी आक्षेपात दम आहे. म्हणून उलटतपासणीतला आवाज कितीही चढला तरी न हलणारा कुत्राच निवडा.

७. काम झाल्यावर कुत्र्याला मोकळं सोडा. वारंवार जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, शेपूट पायांत घेणं, या त्याच्या ताणाच्या खुणा. त्या जबाबाच्या मधे दिसल्या, तर विश्रांती मागून घ्या. एका दिवशी दोन जड प्रकरणं देऊ नका.

८. पोलिसांसाठीही हाच कुत्रा उपयोगी पडतो. लहान मुलाचा मृत्यू, गोळीबार, भीषण अपघात अशा कामगिरीनंतर अधिकारी एकत्र बसतात, तेव्हा कुत्र्याला खोलीत मोकळं फिरू द्या. ‘ज्यांना त्रास होतोय त्यांनी यावं’ अशी घोषणा केली, तर कुणी जागचं हलणार नाही. कान खाजवता खाजवता जो बोलेल त्याला बोलू द्या. कोण किती वेळ कुत्र्याजवळ बसलं याची नोंद ठेवू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी जवळ येणार नाही.

आपल्याकडे

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३३(४) मध्ये मुलाच्या विश्वासातल्या माणसाला न्यायालयात सोबत बसू देण्याची तरतूद आहे. त्यात कुत्र्याचा उल्लेख नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी असुरक्षित साक्षीदारांसाठी देशभर वेगळी साक्ष-केंद्रं उभारण्याचे निर्देश दिले. अशा केंद्रात कुत्रा येईल तेव्हा येईल. साक्षीदाराची इच्छा विचारणं, सोबतच्या माणसाने प्रकरणावर गप्प राहणं आणि रिकामं न्यायालय आधी दाखवून आणणं, या पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या पायरीतल्या गोष्टींना कुत्रा लागत नाही. त्या आजपासून करता येतात.