खोट्या दाताचा खरा रंग

मेहकरहून मालेगावकडे जाताना बुलढाणा जिल्ह्यातले डोणगाव लागते. समजा, तेथल्या एका शाळेतले गुरुजी सायकलवरून पडले आणि त्यांचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. मूळ शाबूत आहे, म्हणून दंतवैद्यांनी उरलेला दात कोरून त्यावर टोपी बसवायचे ठरवले. हिलाच आपण बोलताना ‘कॅप’ म्हणतो. आता विचार करा. वर्गातली चाळीस मुले दिवसभर गुरुजींच्या तोंडाकडे पाहतात. टोपी चुन्यासारखी पांढरी आली, तर धड्याकडे कोणाचे लक्ष राहील? गुरुजी हसायचेसुद्धा बंद होतील.

मग दाताच्याच रंगाची टोपी करावी, एवढे सोपे आहे ना? नाही. दाताला एक रंग नसतोच. आरसा घेऊन खिडकीशी उभे राहा आणि आपला पुढचा दात नीट पाहा. हिरडीजवळ तो पिवळसर दिसेल, मध्ये जरा उजळ आणि चावण्याच्या कडेला किंचित निळसर, धुरकट. असे का होते? दाताच्या आत दंतिन नावाचा पिवळसर, बराचसा अपारदर्शक थर असतो. त्यावर दंतवल्काचे, म्हणजे एनॅमलचे, पारभासी आवरण असते. हिरडीजवळ हे आवरण अगदी पातळ होते, म्हणून आतला पिवळा रंग डोकावतो. कडेला मागे दंतिन नसते, नुसते दंतवल्क असते. त्यातले सूक्ष्म कण निळ्या प्रकाशाचे अधिक विकिरण करतात. आकाश निळे दिसण्याचे कारण याच्याच जवळचे आहे.

गुरुजींच्या दाताचा रंग ठरवायला दंतवैद्य रंगपट्टी वापरतात. नमुन्याचे छोटे दात एका पट्टीत बसवलेले असतात. बऱ्याच ठिकाणी असणाऱ्या पट्टीत सोळा छटा असून त्यांचे तांबूस, पिवळसर, करडे असे गट केलेले असतात. हे काम दात कोरण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात वाळतो आणि वाळलेला दात अधिक पांढरा दिसतो. नमुन्याकडे फार वेळ टक लावूनही चालत नाही. डोळा थकतो आणि पहिली नजर जे सांगते ते पुढे सांगत नाही. शिवाय उजेड दिवसाचा हवा. आई दुकानात साडी घेताना ती दारापर्यंत आणून उन्हात पाहते, ते उगाच नव्हे. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर येताच वेगळे निघू शकतात. दाताचेही तसेच.

पोर्सेलीनचे, म्हणजे चिनी मातीचे, दात करण्याची कल्पना जुनी आहे. १७७४ च्या सुमारास पॅरिसजवळच्या दुशातो या औषधविक्रेत्याने आपल्या कवळीसाठी तिचा उपयोग केला. एकेका दातावरची पोर्सेलीनची टोपी मात्र अमेरिकेतील डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आणली. प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर ते ती भाजत. (१९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा या लँड यांचा नातू!) हल्ली झिर्कोनियासारख्या टणक पदार्थाची टोपी संगणकाच्या साहाय्याने यंत्रावर कोरतात. पण यंत्रातून निघालेली टोपी पुष्कळदा एकाच रंगाची असते. म्हणून वरून रंग चढवण्याची कला मागे पडण्याऐवजी तिचे महत्त्व वाढलेच आहे.

रंग चढवण्याआधी एक प्रयोग करून पाहा. नदीकाठचा काळा, खरखरीत दगड घ्या. कोरडा असताना तो राखाडी दिसतो. आता त्यावर पाणी ओता. दगड एकदम गडद झाला, त्यातले ठिपके उठून दिसू लागले. खरखरीत पृष्ठावर आदळलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि रंगावर पांढुरकी साय आल्यासारखे होते. पाण्याने खड्डे भरले की ही साय जाते. टोपीवरची झिलई हेच काम कायमचे करते. म्हणून कारागीर कोऱ्या टोपीचा रंग पाहण्यापूर्वी तिला द्रव लावून ओली करतो; कोरडी टोपी त्याला फसवील.

झिलई म्हणजे काचेचा अतिशय पातळ थर. लोणच्याच्या बरणीवर असतो तोच प्रकार. काचेचे नाव निघाले म्हणून सांगतो: डोणगावच्या मुलांना काचेसाठी फार लांब जायला नको. लोणारच्या विवरात उल्काघाताने वितळून झटकन थिजलेल्या काळ्या दगडाची काच सापडते. अशा काचेचे बारीक गोल मणीही तेथे मिळाल्याचे १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. निसर्गाने ते काम एका तडाख्यात उरकले. दाताच्या भट्टीत मात्र घाई चालत नाही.

आता रंग. झाडाफुलांचे रंग भट्टीत जळून जातील, म्हणून येथे धातूंची ऑक्साइडे वापरतात. लोहाचे ऑक्साइड तपकिरी छटा देते, कोबाल्टचे निळी. टिटॅनियमपासून पिवळसर छटा मिळते. ही पूड काचेच्या चूर्णाबरोबर वाटलेली असते. कारागीर ती द्रवात कालवून बारीक कुंचल्याने लावतो: हिरडीकडे पिवळसर तपकिरी, कडेला निळसर करडा हलका हात, क्वचित केसासारखी एखादी रेघ. यात एक मेख आहे. वरून दिलेला रंग टोपी गडद करू शकतो, उजळ करू शकत नाही. पांढरा थापला तर पारभासीपणा जाऊन दात भिंतीसारखा दिसतो. भाजीत मीठ नंतर घालता येते, काढता येत नाही. म्हणून शहाणा कारागीर मूळ टोपी किंचित उजळच निवडतो. पिवळेपणा फार झाला तर पिवळ्याचा पूरक रंग जांभळा, त्याची पुसट छटा देऊन तो मारता येतो, पण त्याबरोबर दात जरा काळवंडतो.

मग टोपी भट्टीत जाते. आधी दाराशीच मंद आचेवर द्रव उडू देतात, नाहीतर तो उकळून बुडबुडे येतात. त्यानंतर उष्णतामान हळूहळू वाढवतात. ते किती, हे पदार्थावर अवलंबून. पुष्कळदा ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. कमी पडले तर पृष्ठ खरखरीत राहते. जास्त झाले तर कोरलेल्या बारीक रेषा वितळून बुजतात आणि दात सायकलच्या घंटीसारखा चकाकतो. माझ्या मते खोटा दात ओळखू येतो तो रंगापेक्षा या चकाकीनेच. थंड करतानाही घाई केली तर तडा जाण्याची भीती.

एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात सहसा येणार नाही. अतिनील किरण पडले की नैसर्गिक दात निळसर पांढरा प्रकाश देतो. टोपीत हा गुण नसेल, तर नाटकाच्या रंगमंचावरील तशा दिव्यांत ती काळी, दात पडल्यासारखी दिसते. एके काळी यासाठी पोर्सेलीनमध्ये अत्यल्प युरेनियम घालीत! ते किरणोत्सर्गी असल्याने मागे पडले आणि त्याची जागा दुर्मिळ मृत्तिका धातूंच्या ऑक्साइडांनी घेतली.

यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर १.५, असे भारतीय मानक सांगते. लहानपणी याहून बरेच अधिक पोटात गेले तर दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. अशा माणसाला टोपी करायची असेल तर डागांसकट करावी की स्वच्छ? स्वच्छ केली तर एकच दात परका वाटतो. डाग रंगवले तर शेजारच्या दातांत तो मिसळून जातो, पण काहींना पैसे देऊन डाग विकत घेणे मुळीच पटत नाही. हा निर्णय कारागिराने परस्पर घेऊ नये. तो बहुधा दूरच्या शहरात बसतो आणि त्याने माणूस पाहिलेलाच नसतो. त्याच्या हाती येतात साचा, छटेचा क्रमांक, दाताचे कागदावर काढलेले चित्र आणि अलीकडे मोबाइलवर काढलेली छायाचित्रे.

गुरुजींची टोपी आली की ती लगेच पक्की चिकटवायची नाही. नुसती बसवून, रंगीत कागद चावायला लावून ती कोठे टेकते ते पाहतात. उंच भाग घासला की तेथली झिलई जाते आणि ते खरखरीत पोर्सेलीन समोरच्या खऱ्या दाताला पॉलिश कागदासारखे झिजवते. म्हणून तो भाग रबरी चाकांनी पुन्हा गुळगुळीत करतात किंवा टोपी परत भट्टीकडे पाठवतात. तोवर गुरुजींनी आरसा घेऊन खिडकीशी उभे राहावे, ओठ ओले करावेत, हसून पाहावे आणि शेजारच्या दातापेक्षा टोपी फिकी वाटली तर संकोच न करता तसे सांगावे.