चष्म्याच्या काचेची चकाकी आणि तिच्यावरील लेप

आज आपल्या उचगाव पंचक्रोशीत चष्मा नाही असे घर क्वचितच सापडेल. शाळकरी मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, गृहिणीला तांदूळ निवडताना चाळिशी लागते, वाहन चालविणाऱ्याला लांबचे स्पष्ट हवे असते. चष्मा करावयास आपण बेळगावास जातो. डोळे तपासून होतात, चौकट पसंत पडते, आणि मग दुकानदार विचारतो, "साधी काच घालू की अँटीग्लेअर?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर चष्म्याची किंमत बरीच वरखाली होते. पुष्कळ लोक "चांगले असेल ते घाला" असे म्हणून मोकळे होतात. परंतु चांगले कोणास व कशासाठी, हे समजून घेतल्यास पैसा योग्य ठिकाणी खर्च होईल. म्हणून या लेखात त्या लेपाचा थोडा अभ्यास करू.

काच प्रकाश परत का फेकते?

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरतो तेव्हा त्याचा वेग बदलतो. हवेपेक्षा काचेत तो किती पट मंदावतो हे सांगणाऱ्या संख्येस वक्रीभवनांक म्हणतात. साध्या काचेचा हा अंक सुमारे १.५ असतो. जेथे वेग बदलतो तेथे थोडा प्रकाश मागे फिरतोच. किती फिरतो याचे गणित सोपे आहे. अंकातून एक वजा करावा, अंकात एक मिळवावा, पहिल्यास दुसऱ्याने भागावे व आलेल्या संख्येचा वर्ग करावा. १.५ साठी हे उत्तर एक पंचविसांश, म्हणजे शेकडा ४ येते. काचेला पुढची व मागची अशा दोन बाजू असल्याने शेकडा सुमारे ८ प्रकाश वाया जातो.

नंबर मोठा असला म्हणजे काच जाड होते, म्हणून पातळ काचेसाठी १.६७ सारख्या अंकाचे प्लॅस्टिक वापरतात. त्याच गणिताने तेथे एका बाजूस शेकडा ६.३ व दोन्ही बाजू मिळून सुमारे १२ प्रकाश परत जातो. काच जितकी पातळ व महाग, तितकी ती अधिक चमकते. लेपाची गरज तिला अधिक आहे, ती यामुळेच.

लेपाचे रहस्य

पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग आपण पाहतो. तेलाच्या पातळ थराच्या वरून व खालून परतलेल्या दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही रंगांच्या लहरी एकमेकींस बळ देतात, काहींच्या एकमेकींस मारतात. काचेवर असाच थर बेताच्या जाडीचा बसविला, तर दोन्ही परतलाटा एकमेकींस रद्द करतात आणि तो प्रकाश मागे न फिरता पलीकडे जातो. यासाठी थराची जाडी त्या थरातील लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश लागते. हिरव्या प्रकाशासाठी ती साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग होय.

या विद्येचा इतिहासही बोधप्रद आहे. जुनी, हवेने डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आत सोडते, हे इंग्लंडात लॉर्ड रॅले यांच्या १८८६ साली लक्षात आले. पुढे १८९२ मध्ये भिंगे बनविणाऱ्या डेनिस टेलर यांनाही दुर्बिणीच्या डागाळलेल्या भिंगांत तोच गुण आढळला. जर्मनीत झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली निर्वात पात्रात काचेवर लेप चढविण्याची रीत सिद्ध केली. अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट या विदुषीने १९३८ मध्ये एका रेणूइतके पातळ असे ४४ थर काचेवर चढवून ती जवळजवळ अदृश्य करून दाखविली. तो लेप मऊ असल्याने पुसला जाई, पण तत्त्व पक्के ठरले.

लेपांची तुलना

एक थराचा लेप : हा बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडचा असतो. परतलाटा पूर्णपणे रद्द व्हाव्यात म्हणून थराचा अंक १.२२ च्या आसपास हवा, पण तसा टिकाऊ घन पदार्थ सहज मिळत नाही. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अंक १.३८ आहे. त्यामुळे एका बाजूचे परावर्तन शेकडा ४ वरून सव्वा ते दीडपर्यंतच उतरते. हा लेप हिरव्या रंगासाठी बेतलेला असल्याने तांबडा व निळा थोडा उरतो आणि काच जांभळट दिसते. तो कठीण व्हावा म्हणून काच सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवावी लागते. खऱ्या काचेस हे सोसते, प्लॅस्टिकला नाही.

अनेक थरांचा लेप : सिलिकॉन डायऑक्साइड आणि टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचे ऑक्साइड यांचे थर आलटून पालटून चढवितात. एक थर जो रंग सोडतो तो दुसरा पकडतो. चांगल्या लेपात एका बाजूचे परावर्तन शेकडा अर्ध्याच्याही खाली येते. उरलेली छटा बहुधा हिरवी असते.

संपूर्ण लेप : यात प्लॅस्टिकवर प्रथम ओरखडे रोखणारा कठीण थर, त्यावर वरील अनेक थर आणि सर्वांत वर पाणी व तेल न धरणारा थर असतो. चकाकी कमी करण्यात हा मागच्या प्रकाराहून फार पुढे नसतो, पण साफ ठेवण्यास सोपा व टिकण्यास चांगला असतो. जास्त पैसे मोजावयाचे तर ते येथे मोजावेत.

निळा प्रकाश रोखणारा लेप : संगणकाने व मोबाईलने डोळे थकतात म्हणून हा घ्या, असे सांगण्यात येते. १७ चाचण्यांचा एकत्र विचार करणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा काचांनी डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा बहुधा कमी होत नाही, असाच निष्कर्ष निघाला. यासाठी वेगळे पैसे देण्याचे कारण नाही. पडद्यावरून वरचेवर दृष्टी काढून लांब पाहणे व पापण्या मिटणे, हा उपाय फुकटचा आहे.

रात्रीचे वाहन आणि एक गैरसमज

वेंगुर्ला रस्त्याने पावसाळी रात्री गाडी हाकणाऱ्यास समोरच्या दिव्यांचा त्रास ठाऊक आहे. लेप लावला की समोरचा दिवा मंद होतो, अशी अनेकांची समजूत असते. ती चूक आहे, कारण लेपाने प्रकाश किंचित अधिकच आत येतो. लेपाचा खरा उपयोग निराळा आहे. काचेच्या दोन बाजूंमध्ये प्रकाश मागेपुढे आपटून दिव्याची दुसरी पुसट प्रतिमा दिसते, शिवाय पाठीमागच्या दिव्याचे प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूवरून डोळ्यांत येते. हे दोन्ही त्रास लेपाने जवळजवळ नाहीसे होतात. पिवळी काच रात्री लावल्यास मात्र आधीच अपुरा असलेला प्रकाश आणखी घटतो. ती टाळावी.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. वडीलधाऱ्या माणसास दिव्याभोवती वलये दिसू लागली, समोरच्या दिव्याने काहीच दिसेनासे झाले, तर दोष काचेचा नसून मोतीबिंदूचा असू शकतो. त्यावर कितीही महाग लेप चालत नाही. आधी नेत्रतज्ज्ञाची तपासणी, मग चष्मा, हा क्रम कधीही उलटू नये.

परीक्षा व निगा

लेप आहे की नाही हे घरी पाहता येते. नळीच्या दिव्याखाली चष्मा धरून काचेत पाहावे. दिव्याची दोन प्रतिबिंबे दिसतील. दोन्ही पांढरी शुभ्र असतील तर लेप नाही. दोन्ही मंद हिरवी किंवा जांभळट असतील तर लेप दोन्ही बाजूंस आहे. एक पांढरे व एक रंगीत असल्यास लेप एकाच बाजूस आहे, तेव्हा दुकानदारास विचारावे.

लेपाच्या काचेवर बोटाचा डाग अधिक उठून दिसतो, कारण तेलाचा तो थर लहरींचे गणित बिघडवितो. म्हणून काच सदऱ्याच्या टोकाने वा पदराने कोरडी पुसू नये, तांबड्या धुळीचे कण तिला ओरखडतात. प्रथम गार पाण्याने धुवावी, साबणाचा एखादा थेंब लावावा व मऊ कापडाने टिपावी. कढत पाणी वापरू नये, आणि उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवू नये. उष्णतेने प्लॅस्टिक जितके फुगते तितका लेप फुगत नाही, आणि मग त्यावर बारीक भेगांचे जाळे पडते.

कोणी काय घ्यावे?

केवळ वाचनासाठी घरात चाळिशी वापरणाऱ्यास साधी, कठीण थराची काच पुरते. रात्री वाहन चालविणारा, दिवसभर पडद्यासमोर बसणारा आणि मोठ्या नंबरामुळे पातळ काच घेणारा, या तिघांनी अनेक थरांचा लेप जरूर घ्यावा. शिबिरातून चष्मे वाटणाऱ्यांनीही हाच विवेक ठेवावा. दहा जणांना लेप देण्याच्या खर्चात अधिक लोकांना अचूक नंबराचा चष्मा मिळत असेल, तर तेच श्रेयस्कर. लेप उत्तम असला तरी चुकीचा नंबर त्याने सुधारत नाही. तपासणी नीट झाली, काच योग्य बसली आणि निगा राखली, म्हणजे मग लेपाचा एक एक पैसा सार्थकी लागतो.