दात नसलेला आयोग काय कामाचा?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत सिएटल शहरात संगणक कंपनीत नोकरीला आहे. परवा फोनवर म्हणाला, ‘मावशी, मला शहराच्या मानवी हक्क आयोगावर घेतलंय.’ मी पगार विचारला, तर म्हणे फुकट. गाडी? नाही. कुणाला दंड करता येतो? तोही नाही. मग करता काय? तर म्हणे, महिन्यातून एकदा जमतो, लोकांचं ऐकतो आणि महापौरांना सल्ला देतो. आमच्याकडे गणपती-ईदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तसलंच काही का हे? आणि अधिकारच नसेल तर अशा आयोगाचा उपयोग काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या भाच्याने काही दडवलेले नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत असे आयोग आहेत. कुठे त्यांना ‘ह्युमन राइट्स कमिशन’ म्हणतात, कुठे ‘ह्युमन रिलेशन्स कमिशन’. बहुतेकांवरचे सभासद बिनपगारी असतात. शिक्षक, वकील, परिचारिका, निवृत्त पोस्टमास्तर, तुमच्या भाच्यासारखे संगणकवाले असे कुणीही अर्ज करू शकते. सिएटलमध्ये काही जणांना महापौर नेमतात, काहींना नगर परिषद, आणि उरलेल्यांना आयोग स्वतः निवडतो. आता तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

हे आयोग आले कुठून?

दंगलींतून. 1919च्या जुलैत शिकागोत मिशिगन सरोवरात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावरून वाहत गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे गेला. पाण्यात कसलीही हद्द आखलेली नव्हती, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्यावर दगड भिरकावले गेले आणि तो बुडाला. पुढच्या दंगलीत 38 माणसे मेली. इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरने सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय अशा बारा जणांचा आयोग नेमला. घरे, नोकऱ्या, शाळा, वर्तमानपत्रांतली भाषा अशा सगळ्यांची चौकशी करून त्याने 1922 साली सहाशेहून अधिक पानांचा अहवाल छापला. समाजशास्त्राचे विद्यार्थी तो आजही वाचतात. आयोग मात्र अहवालाबरोबरच संपला. आपल्यालाही ही रीत परकी नाही. दंगल होते, न्यायमूर्तींची नेमणूक होते, अहवाल येतो आणि कपाटात जातो.

पुढे 1943च्या जूनमध्ये, ऐन महायुद्धात, डेट्रॉइट पेटले. 34 माणसे मेली, त्यांतली 25 कृष्णवर्णीय होती. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या तरुणांना रस्त्यात गाठून, त्यांचे ढगळ सूट फाडून मारहाण केली. आता शहरांच्या कारभाऱ्यांना घाम फुटला. विमाने आणि रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यांच्या गावांत दंगल परवडणारी नव्हती. शिकागोच्या महापौरांनी लगेच जुलैत वंशसंबंधांवर समिती नेमली. लॉस एंजेलिस काउंटीने 1944च्या जानेवारीत नेमली. पाठोपाठ इतर शहरांतही अशा समित्या निघाल्या. 1919 आणि 1943 यांत मोठा फरक पडला तो इथे: दंगलीनंतर चौकशी करणारा आयोग जाऊन त्याच्या जागी दंगल नसतानाही भरणारी कायमची समिती आली. फिलाडेल्फियाने तर 1951 साली असा आयोग थेट शहराच्या सनदेतच घातला.

अधिकार नाहीत, मग काम काय?

यासाठी तुमच्या भाच्याच्याच शहराची गोष्ट सांगतो, कारण आयोगाचे दुबळेपण आणि त्याची ताकद ही दोन्ही तिथे एकाच प्रकरणात दिसतात.

सिएटलचा आयोग 1963च्या जुलैत निर्माण झाला, तोही कुणाच्या उदारपणातून नव्हे. त्या काळी शहरातले बहुतेक कृष्णवर्णीय ‘सेंट्रल डिस्ट्रिक्ट’ या एकाच भागात कोंडलेले होते. अनेक वस्त्यांच्या खरेदीखतांतच अट असे की हे घर कृष्णवर्णीय, आशियाई किंवा ज्यू माणसाला विकायचे नाही. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला. पण ‘तुला घर देत नाही’ असे तोंडावर सांगायला मालकाला कुठल्याही कायद्याची आडकाठी नव्हती. त्या जुलैत कृष्णवर्णीय तरुण महापौरांच्या कार्यालयात ठाण मांडून बसले. मग नगर परिषदेने बारा जणांचा आयोग नेमला. त्यात कृष्णवर्णीय सभासद इतके थोडे होते की त्यावरूनही धरणे झाले आणि अटका झाल्या.

हा आयोग वेळकाढूपणासाठीच नेमला आहे, असे अनेकांना वाटत होते, आणि तसे वाटण्यात वावगे काही नव्हते. पण आयोगाने एक काम नेटाने केले. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म पाहून भेदभाव करता येणार नाही, अशा कायद्याचा मसुदा त्याने परिषदेपुढे ठेवला. परिषदेने हात झटकले आणि प्रश्न मतदारांवर सोडला. मार्च 1964मध्ये मतदान झाले. घरमालक आणि दलाल यांनी ‘मालकी हक्कावर गदा’ अशी हाकाटी केली. कायदा दुपटीहून अधिक मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी निवडून आलेले महापौरही या कायद्याच्या विरोधातलेच होते.

एखाद्या पक्षाने इतक्या मतांनी मार खाल्ल्यावर विषय सोडून दिला असता. आयोगाला निवडणूक लढवायची नव्हती, त्यामुळे विषय सोडायचे त्याला कारणच नव्हते. चर्चा, मोर्चे, स्वयंसेवी संस्थांचे काम चालू राहिले. 1967 साली सॅम स्मिथ हे सिएटलचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले. 4 एप्रिल 1968ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, 11 एप्रिलला देशाचा समान गृहहक्क कायदा झाला आणि 19 एप्रिलला सिएटलच्या परिषदेने, मतदारांकडे पुन्हा न जाता, स्मिथ यांनी मांडलेला शहराचा कायदा मंजूर केला. चार वर्षांपूर्वी ज्याचे नाव काढायला नगरसेवक बिचकत होते, त्यावर आता एकमत झाले.

हे श्रेय आयोगाचे म्हणणे खोटे ठरेल. रस्त्यावर उतरलेले लोक नसते तर आयोगच झाला नसता, आणि ती हत्या झाली नसती तर कायदा कधी झाला असता कोण जाणे. पण बहुमत नसलेला विषय शहराच्या अधिकृत दप्तरात चढवायचा, त्यावर जाहीर सुनावणी घ्यायची, शिफारस लेखी द्यायची आणि लोकांनी नाकारल्यावरही ती दप्तरातून काढायची नाही, एवढे काम आयोग करू शकतो. निवडून आलेल्या माणसाला नेमके हेच काम जड जाते.

एक खुलासा. भेदभावाची तक्रार घेणे, चौकशी करणे, भरपाई मिळवून देणे ही कामे सिएटलमध्ये शहराच्या पगारी ‘नागरी हक्क कार्यालया’कडे आहेत. सल्ला देणारे मंडळ आणि कायदा राबवणारे खाते यांत गल्लत करू नये. काही शहरांत ही दोन्ही कामे एकाच आयोगाकडे असतात, आणि तिथे दंडाचे दातही असतात.

जातीचा प्रश्न तिथे पोचला तो कसा?

हे तुम्ही विचारलेले नाही, पण भाच्याच्या शहराचा विषय निघाला की ते टाळता येत नाही. 21 फेब्रुवारी 2023ला सिएटलच्या परिषदेने भेदभावबंदीच्या यादीत जातीचा समावेश केला. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. बाजूने सहा मते पडली, विरोधात एक. त्याआधी 2021 साली कॅलिफोर्नियात, सिलिकॉन व्हॅलीतल्या सँटा क्लारा काउंटीच्या मानवी हक्क आयोगाने याच विषयावर जाहीर सुनावणी घेतली होती. कामाच्या ठिकाणी आडनावावरून जात हुडकली जाते, असे सांगणारे दलित तिथे बोलले. अशा कायद्यामुळे सगळ्याच हिंदूंकडे संशयाने पाहिले जाईल, असे म्हणणारेही बोलले. पुढे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातीचा उल्लेख असलेले विधेयक मंजूर केले, आणि ऑक्टोबर 2023मध्ये गव्हर्नरांनी ते नाकारले.

म्हणजे तुमच्या भाच्याला तिथे केवळ ‘भारतीय’ म्हणून बसता येणार नाही. आपल्याकडून गेलेली भांडणेही त्याच्या टेबलावर येतील, आणि भारतीय माणूस तिथे कधी भेदभाव सोसणारा असेल तर कधी करणारा. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची तयारी ही त्या खुर्चीची पहिली पात्रता आहे.

आपली शांतता समिती तसलीच का?

दिसायला तशी, चालायला वेगळी. शांतता समिती बोलावतात पोलीस, तीही सण तोंडावर आल्यावर. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, विसर्जनाची वेळ एवढेच विषय. तिला कमी लेखू नका. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला आणि राज्य सरकारने सुट्टीही 29 तारखेला हलवली. असे समंजस निर्णय एकमेकांशी बोलणारी माणसे असली तरच होतात.

त्याहून पुढचा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. यंत्रमागांच्या भिवंडीत 1970 आणि 1984 साली मोठ्या दंगली झाल्या होत्या. 1988च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सुमारे सत्तर समित्या, दोन्ही धर्मांची माणसे, सोबत पोलीस, आणि सभा सण नसतानाही. डिसेंबर 1992मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 सालच्या आपल्या ग्रंथात हिंदू-मुस्लिम संबंधांचा अभ्यास करताना या प्रयोगाची दखल घेतली. दंगलीनंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. धारावीपासून अनेक वस्त्यांत तिने माणसे जोडली, पोलीस आणि पोरांचे क्रिकेटचे सामने लावले.

मग फरक कुठे? आपल्या समित्या माणसावर उभ्या राहतात. अधिकाऱ्याची बदली झाली की पुढचा साहेब त्या चालवेलच असे नाही. सिएटलचा आयोग शहराच्या कायद्यावर उभा आहे. महापौर बदलले, आयोगाला नावे ठेवणारे महापौर आले, तरी पुढच्या महिन्याची सभा भरते. दुसरा फरक विषयांचा. आपल्याकडे सलोखा म्हणजे दंगल न होणे. घर कुणाला मिळते, नोकरी कुणाला नाकारली जाते, हे विषय शांतता समितीच्या बैठकीत निघत नाहीत. मुंबई-पुण्यात आडनाव विचारून, खाण्यापिण्याची चौकशी करून भाडेकरू नाकारला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. राज्यघटनेचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांत मज्जाव करू देत नाही. घरमालकाचा उल्लेख त्यात नाही. शिवाय 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. सिएटलचे घरमालक 1964 साली मालकी हक्काची हीच भाषा बोलत होते. आपल्याकडच्या नाकारल्या गेलेल्या भाडेकरूने महापालिकेत जाऊन आपले म्हणणे नोंदवावे, अशी ठरलेली खुर्ची मात्र कुठल्या दालनात आहे?

तेव्हा, उपयोग आहे की नाही?

आहे, पण आपोआप नाही. हे आयोग शोभेचे व्हायला वेळ लागत नाही. खाद्यमहोत्सव भरवायचा, दिवाळीला पणती आणि डिसेंबरात नाताळचे झाड लावून फोटो काढायचे, महापौरांनी शुभेच्छा द्यायच्या, की वर्ष संपले. काही ठिकाणी गणपूर्तीच होत नाही, काही ठिकाणी जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात. बिनपगारी कामाला ज्याची संध्याकाळ मोकळी तोच येतो, आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्याची संध्याकाळ कधीच मोकळी नसते. म्हणून ज्यांच्यासाठी आयोग आहे तेच अनेकदा त्यावर नसतात. त्यात जानेवारी 2025पासून केंद्रातल्या ट्रम्प सरकारने आपल्या खात्यांतले विविधता-समावेशाचे कार्यक्रम बंद करायला घेतले. शहरांचे आयोग शहरांच्या स्वतःच्या कायद्याने झालेले असल्याने ते त्या एका आदेशाने बंद पडत नाहीत, पण वारे कुठल्या दिशेचे आहे हे नगरसेवकांना कळते.

तेव्हा पुढच्या फोनवर भाच्याला तीन गोष्टी विचारा. सभेची विषयपत्रिका आधी जाहीर होते का? सभासद नसलेल्या माणसाला उठून बोलता येते का? आणि गेल्या वर्षी आयोगाने परिषदेला कोणती शिफारस लेखी दिली, तिचे उत्तर काय आले? पहिल्या दोहोंना ‘हो’ आले आणि तिसऱ्याला त्याने एखाद्या नाकारलेल्या शिफारशीचे नाव सांगितले, तर मावशींनी खुशाल समाधान मानावे. ज्या आयोगाची एकही शिफारस कधी नाकारली जात नाही, तो बहुधा महापौरांना आवडेल तेवढेच लिहितो.