बकुळहार मोडीत घालू नका

सासूबाईंचा बकुळहार मी मोडीत घातला, ही चूक माझीच. पण समोरचा माणूस जसा वागला, ते अजून डोक्यातून जात नाही.

मुलीचं लग्न ठरलेलं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आम्ही नागपूरच्या एका नावाजलेल्या पेढीवर गेलो. सराफानं हार तळहातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, हा नुसता पत्रा. हॉलमार्कही नाही. आता कोण घालतं असलं?" वजनावर धरला, वर घट म्हणून दोन ग्रॅम कापले. यांची दुसऱ्या दिवशी जवाहरनगरच्या फॅक्टरीत सकाळची शिफ्ट, परतायची घाई. पावतीवर ‘जुने सोने, मोड’ एवढंच लिहिलं. मी मान डोलावली.

चार महिन्यांनी कानातल्याची फिरकी बसवायला त्याच दुकानात गेले. काचेत हार मांडलेला, चिठ्ठी ‘अँटिक बकुळहार’. मधल्या फुलाच्या पाकळीवर शेजारी शेजारी दोन बारीक खळगे. मुलीला दात येत होते तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर बसून तिनं ते फूल चावलं होतं. पत्रा इतका पातळ, की दुधाचे दात उमटले. माझे हातपाय गार पडले. मी खळगे दाखवले तर तो हसला. "सगळे बकुळहार सारखेच दिसतात, ताई. तुमचा तेव्हाच आटवला." चिठ्ठीवर घडणावळ वेगळी लावलेली होती. माझ्याकडून घेताना घडणावळ शून्य!

बकुळहार, चाफेकळी, जवमाळ, केवडा या दागिन्यांत सोनं थोडं आणि हात फार. पातळ पत्र्यावर ठशानं फूल उठवायचं, पाकळ्या कोरायच्या, कडीला कडी जोडत न्यायचं. वजनावर दिलं की ही सगळी कारागिरी सराफाला फुकट.

म्हणून सांगते. आधी घरी वजन करा. कस सराफाच्या शब्दावर ठरवू नका, हॉलमार्किंग केंद्रावर पैसे भरून आपल्यालाही तपासून घेता येतो. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांत लाख असते, तिचं वजन किती धरलं ते विचारा. पावतीवर दागिन्याचं नाव आणि फुलांची संख्या लिहून घ्या. आटवायचंच असेल तर डोळ्यांसमोर आटवा. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, तो बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. आजीच्या दागिन्यावर तो नसणारच, म्हणून काही त्याचा कस उतरत नाही. घाईत व्यवहार करू नका, आणि कोणी "ताई, ताई" करतं म्हणून भुलू नका.

फोटो मात्र काढाच, फुलांच्या मागच्या बाजूचेही. त्या सराफानं माझ्याकडे पुरावा मागितला. सासूबाईंचा हार घातलेला एकच फोटो घरात आहे, आणि त्यात त्यांचा पदर नेमका मधल्या फुलावर आलाय.