‘थारची उंची वाढवून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला आधी काय द्यायचं?



आजचा धडा गाडीच्या पुढच्या भागाचा, म्हणजे स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचा आहे. ज्यांना गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायचंय त्यांनी नीट वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण गिऱ्हाईक मागतं एक आणि त्याला गरज असते दुसऱ्याचीच, हे प्रत्येक धंद्यात घडतं.

आपल्या भागात हे काम का आहे?

मुखेड तालुक्यात वाड्या-तांड्यांवर जाणारे कच्चे रस्ते भरपूर. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ता सरळ राहत नाही. थार, बोलेरो, पिकअप यांना रोज खड्डा खावा लागतो आणि तो मार सगळ्यात आधी पुढच्या चाकाला बसतो. तिथून बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड एंड करत तो स्टेअरिंग धरणाऱ्याच्या हातापर्यंत येतो.

गिऱ्हाईक मात्र येऊन म्हणतं, "मोठे टायर टाका, उंची वाढवा." व्हिडिओत बघितलेलं असतं ना!

आधी गाडी ओळखा

२०१० मध्ये आलेल्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानपाटे होते. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या, नाशिकला बनणाऱ्या नव्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहे. नाव एकच, पण आतलं काम वेगळं. म्हणून ऑर्डर घेताना मॉडेल आणि वर्ष लिहून घ्यायचं. नुसतं ‘थार’ लिहिलं तर पार्ट चुकीचा येणार आणि नांदेडची एक फेरी फुकट जाणार.

टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडी वर उचलते. खर्च जवळजवळ काहीच नाही, म्हणून हे काम सोपं वाटतं. पण त्याने स्प्रिंग मजबूत होत नाही, फक्त बसण्याची जागा बदलते. आर्मचा कोन वाढतो, बॉल जॉइंट आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर ताण येतो, चाकाला खड्ड्यात खाली जायला जागा कमी उरते आणि अलाइनमेंट बिघडतं. वरून जड टायर टाकले की तोच ताण स्टेअरिंगवर. आधीच ढिल्या असलेल्या टाय रॉड एंडवर हे सगळं लादलं तर? तो जॉइंट चालत्या गाडीत निसटला की चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. आत माणसं बसलेली असतात, हे विसरू नका.

तपासणीची पद्धत

१. गाडी जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून जॉइंट बघायचे. एक टोक हललं आणि दुसरं उशिरा हललं, तर तिथे प्ले आहे.

२. इंजिन बंद. जॅकने चाक उचला, पण घोडी लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग बघा, राहिला तर बॉल जॉइंट.

३. आता चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. फक्त इथेच प्ले असेल तर टाय रॉड किंवा स्टेअरिंगचे जॉइंट.

४. रबरी बूट फाटलेत का, बुश चिरलेत का, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल सोडतोय का, टायर एकाच बाजूने झिजलाय का, ते लिहून काढा.

कामाचा क्रम

आधी ढिले जॉइंट आणि बुश. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर, तेही जोडीने. मग अलाइनमेंट. त्यानंतर गिऱ्हाईकाला गाडी चालवून बघू द्या. बऱ्याच वेळा ‘अपग्रेड’ची हौस इथेच भागते, कारण त्याला हवी असते ती सरळ धावणारी गाडी. टाय रॉड एंड बदलताना जुना किती आटे आत होता ते मोजून ठेवा आणि स्प्लिट पिन नेहमी नवीन वापरा. दहा-वीस रुपयांची पिन वाचवून कुणी श्रीमंत झालेलं नाही.

कायदा सांगून काम घ्या

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्या मापाचा चांगला पार्ट टाकणं ही दुरुस्ती आहे. आपला धंदा त्यावरच उभा करा.

पैशाचा हिशोब

आकडे फक्त समजण्यासाठी धरू. तुमच्याकडे २५,००० रुपये आहेत. एक लिफ्ट किट आणून ठेवलं, वर्षातून एकदा विकलं, खरेदीवर २५ टक्के सुटले, तर मिळाले ६,२५०. त्याच पैशात टाय रॉड एंड, बुश, बॉल जॉइंट भरले, २० टक्केच सुटले, पण माल वर्षात सहा वेळा फिरला, तर मिळाले ३०,०००. पैसा फिरला की वाढतो, फळीवर बसला की धूळ खातो. मोठं किट ठेवू नका, अ‍ॅडव्हान्स घेऊन मागवा.

तपासणीचेही पैसे घ्या. काम तुमच्याकडेच केलं तर बिलातून वजा करा. फुकट दिलेल्या सल्ल्याची किंमत राहत नाही, आणि लेखी तपासणी हातात असली की गिऱ्हाईक पार्टच्या भावावरून घासाघीस कमी करतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर वरच्या चार तपासण्यांचा तक्ता करा. खाली तीन रकाने: ‘लगेच करा’, ‘पुढच्या सर्व्हिसला करा’, ‘गरज नाही’. ओळखीच्या तीन गाड्या तपासून तो भरा. ‘गरज नाही’ या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलेली एक ओळ तुम्हाला जे गिऱ्हाईक मिळवून देईल, ते कोणत्याही बोर्डाने मिळणार नाही. गाव लहान आहे, चांगलं-वाईट दोन्ही लवकर पसरतं.