जूनमधला मृग आणि जानेवारीतला मृग



आकाशनिरीक्षणाचा छंद मुलांना लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "दुर्बीण केवढ्याला मिळते?" त्या प्रश्नाकडे नंतर येऊ. आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा सगळा पाठ त्या चुकीतूनच तयार झाला.

डिसेंबरचे दिवस होते. सहावीच्या वर्गात मी फळ्यावर मृग नक्षत्र काढलं. चार कोपऱ्यांना चार तारे, ते हरणाचे पाय. मधोमध एका रेषेत तीन तारे, तो त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाणाच्या रेषेत खाली गेलं की लखलखीत तारा, तो बाण मारणारा व्याध. "आज रात्री आठला पूर्वेला बघा," असं सांगून तास संपवला. दुसऱ्या दिवशी एका मुलीने हात वर केला. "सर, दिसला मृग. पण आजोबा म्हणतात मृग जूनमध्ये निघतो, मग पेरणी. हा आत्ता थंडीत कसा काय निघाला?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "ते पंचांगातलं मृग वेगळं, हे ताऱ्यांचं वेगळं." मुलीने घरी जाऊन तसंच सांगितलं. पुढच्या आठवडी बाजारात आजोबा भेटले. "गुरुजी, मृग दोन असतात म्हणे?" हसत विचारलं, पण मला ते लागलं. आयुष्यभर नक्षत्रांवर शेती केलेल्या माणसाला मी नातीसमोर खोटं पाडलं होतं, तेही चुकीचं सांगून.

मृग एकच आहे. आजोबांचंही बरोबर आणि मुलीचंही. ७ किंवा ८ जूनला 'मृग निघाला' म्हणतात, तेव्हा मृगाचे तारे निघालेले नसतात, सूर्य मृग नक्षत्रात शिरलेला असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपल्याला सूर्य ताऱ्यांमधून सरकताना भासतो. वर्षभरात तो २७ नक्षत्रं पार करतो, म्हणजे एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्याच्या या प्रवासातले मुक्कामच. (त्यांचं वाहन कोल्हा की बेडूक यावरून पाऊस ठरत नाही, ही गोष्ट वेगळी. ती घरात कोणाला न दुखावता कशी सांगायची हे तुमचं तुम्ही बघा.)

सूर्य मृगात असेल तर मृग दिवसा आकाशात असतो, सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. दिसणार कसा? मुलं हमखास म्हणतात, "जूनमध्ये ढग असतात म्हणून दिसत नाही." हे उत्तर मान्य करू नका बरं का! ढग नसते तरी दिसला नसता.

हे वर्गात करून दाखवायला अर्धा तास पुरतो. खोली अंधारी करा. मधोमध स्टुलावर बल्ब ठेवा, तो सूर्य. चार भिंतींवर चार पाट्या लावा: मृग, मघा, ज्येष्ठा, भाद्रपदा. वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने हा क्रम यायला हवा. एक मूल म्हणजे पृथ्वी. त्याला बल्ब आणि ज्येष्ठाची भिंत यांच्यामध्ये उभं करा. बल्बकडे तोंड म्हणजे दिवस, पाठ म्हणजे रात्र. बल्बकडे तोंड केल्यावर पलीकडे कोणती पाटी? मृग. पण बल्ब डोळ्यांत जातो, पाटी धड वाचता येत नाही. हाच जून. आता पाठ फिरव. समोर काय? ज्येष्ठा. म्हणजे जूनच्या रात्री वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा दिसायला हवी, आणि आभाळ मोकळं असेल तर ती खरोखरच रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेला दिसते. मग त्या मुलाला बल्बभोवती अर्धी फेरी मारून मृगाच्या बाजूला आणा. आता पाठ फिरवली की समोर मृग. हा झाला डिसेंबर.

प्रत्येक मुलाला स्वतः उभं राहू द्या. बाकावर बसून बघणाऱ्याला हे अर्धंच कळतं.

याच्या पुढची पायरी मला स्वतःला फार आवडते. पृथ्वी झालेल्या मुलाच्या हातात एक चेंडू द्या, तो चंद्र. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणजे रात्रीच्या पाटीकडे. मृगाच्या बाजूला उभं असताना चेंडू कुठे? मृगाजवळ. त्या महिन्याचं नाव काय? मृगशीर्षावरून मार्गशीर्ष! दत्तजयंतीचा चंद्र मृग-रोहिणीच्या आसपास असतो तो यामुळे. मग मुलं स्वतःच सुटतात: कृत्तिकांवरून कार्तिक, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ, चित्रेवरून चैत्र. पाठ करून घेतलेले बारा महिने अचानक आकाशात जाऊन बसतात. घरी आई मार्गशीर्षातले गुरुवार करत असेल तर तिलाही हे सांगायला सांगा.

पण खोलीतला बल्ब हे आकाश नव्हे. खरा छंद लागतो तो नोंदवहीमुळे. आम्ही नियम एकच ठेवला. दर शनिवारी रात्री आठ वाजता, घराच्या त्याच पायरीवर उभं राहायचं आणि मृगाचा बाण कुठे आहे ते लिहायचं. मोजमाप मुठीने. हात पूर्ण ताणून एक डोळा मिटला की बंद मूठ साधारण १० अंश झाकते. मूठ लहान असली तरी हातही आखूड असतो, त्यामुळे मुलांचंही माप जवळपास तेच येतं. सरावाला आधी उत्तरेचा ध्रुव मोजायला लावा. गावाचा अक्षांश जितका, तितका ध्रुव क्षितिजापासून वर. पुण्याहून साडेअठरा अंश, नागपूरहून एकवीस, म्हणजे दोन मुठींच्या आसपास. ध्रुव सर्वांत तेजस्वी तारा नाही, हेही तेव्हाच कळतं आणि बरीच मुलं हिरमुसतात. हिरमुसू द्या.

मृगाच्या नोंदी साधारण अशा येतात. डिसेंबरच्या मध्यावर आठ वाजता पूर्वेला दोन मुठी वर. फेब्रुवारीच्या मध्याला जवळजवळ डोक्यावर. एप्रिलच्या मध्याला पश्चिमेकडे चार मुठी. मेच्या मध्याला जेमतेम एक मूठ. आणि मे संपता संपता गायब. कारण कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला दोन तास. पण हे आधी सांगू नका. सुट्टीत मुलं नोंद ठेवत नाहीत, ही खरी अडचण. म्हणून पालकांनो, मेमधले चार शनिवार तुमच्याकडे. गॅलरीतून पश्चिम दिसत नसेल तर गच्चीवर जा. नोंद चुकली तर खोडायला लावू नका. "ढग होते", "विसरलो" हेसुद्धा तारखेसह लिहू द्या.

बघताना मोबाईल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा पडदा पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा.

आता दुर्बीण. पहिल्या वर्षी घेऊच नका. स्वस्तातली दुर्बीण हलत्या तिकाटण्यावर थरथरते, मुलाला काही सापडत नाही आणि ती माळ्यावर जाते. घ्यायचीच तर दुसऱ्या वर्षी दोन डोळ्यांची, ७×५० किंवा १०×५० अशी घ्या. तिच्यातून बाणाच्या खालचा धुरकट ठिपका दिसतो, तो मृगातला तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. मोठ्या दुर्बिणीतून बघायचं असेल तर पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी निरीक्षकांच्या संस्था आहेत. ती तर १९४४ पासून आहे. कोणतीही दुर्बीण सूर्याकडे रोखायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी दरडावून सांगा.

त्या मुलीच्या आजोबांना मी पुढे शाळेत बोलावलं. वर्गासमोर माझी चूक सांगितली आणि बल्बाचा प्रयोग त्यांच्यासमोरच केला. ते पृथ्वी होऊन उभे राहिले, पाठ फिरवून ज्येष्ठाची पाटी वाचली आणि म्हणाले, "म्हणजे पेरणीच्या रातीला विंचू वर असतो." मग त्यांनी पोरांना आर्द्रापासून हस्तापर्यंत कोणत्या नक्षत्रात शेतात काय काम निघतं ते सांगितलं, आणि तो तास मी पाठीमागच्या बाकावर बसून ऐकला.