रक्ताभिसरण थांबल्यानंतरचे अवयवदान

मृत्यू झाला असे केव्हा म्हणावयाचे, या प्रश्नाला पूर्वजांचे उत्तर सरळ होते : श्वास थांबला, नाडी लागेनाशी झाली, की प्राण गेला. मृतदेहातील मूत्रपिंडाचे आरंभीचे रोपणही अशाच देहांतून झाले. पुढे श्वासयंत्रामुळे, मेंदूचे कार्य कायमचे संपले तरी हृदय काही काळ चालू राहू लागले. तेव्हा १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. अशा देहात रक्त खेळते असल्याने अवयव टिकतात. म्हणून तीच वाट रूढ झाली.

परंतु असे दाते थोडे आणि अवयवांची प्रतीक्षा करणारे रुग्ण फार. म्हणून वैद्यक पुन्हा जुन्या वाटेकडे वळले. १९९५ साली मास्ट्रिख्ट येथील परिषदेत हृदय थांबलेल्या दात्यांचे चार वर्ग ठरविण्यात आले. त्यांपैकी ज्या रुग्णांची आशा सरली असून यंत्रांचा आधार काढण्याचे ठरले आहे, त्यांचा वर्ग पुढे विशेष महत्त्वाचा ठरला. ब्रिटनमध्ये २००८ नंतरच्या पाच वर्षांत मरणोत्तर दात्यांची संख्या निम्म्याने वाढली. तीत मोठा वाटा याच मार्गाचा होता.

येथेच खरा पेच उभा राहतो. आधार काढावयाचा तो रुग्णाच्या हितासाठी, की दुसऱ्याच्या गरजेसाठी? या शंकेच्या निरसनार्थ तीन मर्यादा पाळल्या जातात. पहिली, आधार काढण्याचा निर्णय दानाचा विचार न करता घेतला जावा. दुसरी, रोपण करणाऱ्या वैद्यांचा त्या निर्णयात व मृत्यूच्या निदानात हात नसावा. तिसरी, हृदय थांबल्यावर काही काळ देहास कोणीही हात लावू नये. हा अवधी ब्रिटनमध्ये पाच मिनिटांचा, तर इटलीत वीस मिनिटांचा आहे.

या प्रतीक्षेची किंमत आहे. रक्तावाचून अवयव बिघडू लागतात. मूत्रपिंड ते काहीसे सोसते, हृदय फारसे सोसत नाही. तथापि काढलेल्या हृदयात यंत्राद्वारे रक्त खेळविण्याची युक्ती साधल्याने २०१४ साली सिडनी येथे असे हृदयरोपणही यशस्वी झाले.

भारतात १९९४ च्या कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूस मान्यता दिली. हृदय थांबल्यानंतरचे दान मात्र येथे अद्याप विरळ आहे. व्यर्थ उपचार थांबविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिली व २०२३ साली ती सुलभ केली.

दान वाढते ते विश्वासाने. मरणाऱ्याचे अखेरचे क्षण केवळ त्याचेच राहतील, ही खात्री असेल तरच आप्त दानास संमती देतील. म्हणून प्रतीक्षेची ती मिनिटे व्यर्थ गेली असे मानू नये. या दानाचा पाया त्यांवरच उभा आहे.